कावीया भाषा: व्याकरण आहे, शब्दकोश आहे, मग बोलणारे का उरले नाहीत?

नीलांबरी

नमस्कार. दक्षिण कॅलिफोर्नियातील कावीया या मूळनिवासी समाजाविषयी सध्या वाचते आहे आणि एका ठिकाणी अडले आहे, म्हणून येथील जाणकारांपुढे प्रश्न मांडते.

कोचेला खोरे, खोऱ्याच्या पश्चिमेला उभे असलेले सॅन हासिंतो आणि सांता रोझा हे डोंगर आणि त्यांच्या उत्तरेची सॅन गोर्गोनियो खिंड हा या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मुलूख. आपल्या भाषेला ते इविल्युअत म्हणतात. 1990च्या अमेरिकन जनगणनेत ही भाषा बोलणारे केवळ 35 जण नोंदले गेले होते आणि त्या पिढीतील बहुतेक मंडळी आता हयात नाहीत. असे असले तरी या भाषेवर झालेले काम पाहिले की आश्चर्य वाटते. हान्सयाकोब झायलर या अभ्यासकाने 1970 मध्ये कथनांचा संग्रह, 1977 मध्ये व्याकरण आणि 1979 मध्ये कोजिरो हिओकी यांच्यासह शब्दकोश प्रसिद्ध केला. पुढे शिकणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक निघाले. अनेक तासांची ध्वनिमुद्रणे आहेत. आपल्या राखीव जमिनींवरच्या कॅसिनोंमुळे या समाजातल्या काही गटांच्या हाती पैसाही आहे. संकटात सापडलेल्या इतर भाषांना यातले एखादेच काही मिळते, कित्येकींना तेही नाही.

मग नेमके कुठे बिनसले? घराघरांतून भाषा बंद पडण्यामागे एकच मोठे कारण होते, की अनेक गोष्टी एकामागून एक घडत गेल्या? आणि इतके सारे जतन झालेले असताना त्यावरून भाषा पुन्हा बोलती करता येत नाही, यामागे भाषेच्या रचनेतलीच काही अडचण आहे का? माहीतगारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रानवाटा

नीलांबरीताई, आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण भाषाशास्त्र हा माझा प्रांत नाही.

बहुतेक लेखांत, मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवून मायबोली बोलू न देणाऱ्या सरकारी निवासी शाळांवर बोट ठेवून विषय संपवला जातो. त्या शाळांनी केलेली हानी मोठी आहे, त्याविषयी खाली लिहितोच. परंतु शाळा आल्या तेव्हा समाज आधीच विखुरला होता, हे लक्षात घेतल्याशिवाय इतक्या थोड्या काळात भाषा का आटली ते कळत नाही.

1852च्या जानेवारीत टेमेक्युला येथे कावीया आणि शेजारच्या समाजांच्या प्रमुखांनी अमेरिकन सरकारशी करार केला. पर्वतीय कावीयांचे नेते हुआन अंतोनियो हे त्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. त्या करारात या लोकांसाठी मोठा भूभाग राखून ठेवला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटने कॅलिफोर्नियातील असे सगळे 18 करार फेटाळले आणि ते कागद गोपनीय ठरवून बंद करून टाकले. 1905 पर्यंत ते उघड झाले नाहीत. म्हणजे आपला शब्द पाळून बसलेल्या लोकांना अर्धशतकभर त्या कराराचे काय झाले हेही धड कळू दिले गेले नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत संतापजनक वाटते.

त्यानंतर 1862–63 मध्ये देवीची साथ आली. हुआन अंतोनियो त्याच साथीत गेले. साथीने वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या, आणि मेलेल्यांत विधी जाणणारी, गाणी पाठ असलेली म्हातारी माणसे मोठ्या संख्येने होती. उरलेल्यांनी एकत्र येऊन नव्या वस्त्या केल्या खऱ्या, पण कुळाकुळांचे वेगळे विधी आणि त्यांची वेगळी घरे पूर्वीसारखी चालवायला पुरेशी माणसे राहिली नाहीत.

मग रेल्वे आली. सदर्न पॅसिफिक कंपनीला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीपैकी एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे देण्यात आले. 1876 मध्ये आग्वा कालिएंते या कावीया गटासाठी राखीव क्षेत्र, म्हणजे सरकारने त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीन, जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी ते वाढवले गेले, ते उरलेल्या तुकड्यांतून. आजही पाम स्प्रिंग्ज शहराचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक चौकोन त्यांचा, शेजारचा दुसऱ्या कोणाचा. खोऱ्याच्या दक्षिण टोकाला टॉरेस-मार्टिनेझ गटाची कथा आणखी निराळी. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याच्या तोंडातून सुटले, जवळजवळ दोन वर्षे खोलगट वाळवंटात वाहत राहिले आणि त्यातून सॉल्टन सी हे सरोवर तयार झाले. या गटाच्या जमिनीचा फार मोठा भाग कायमचा पाण्याखाली गेला.

आज कावीयांची अशी नऊ राखीव क्षेत्रे आहेत: आग्वा कालिएंते, ऑगस्टीन, कॅबझॉन, कावीया, लॉस कोयोटेस, मोरोंगो, रामोना, सांता रोझा आणि टॉरेस-मार्टिनेझ. मोरोंगोमध्ये सेरानो व इतर समाजांचे लोकही आहेत. काही क्षेत्रांवर मोजकीच कुटुंबे राहतात. एका वस्तीत रोजचे बोलणे एका भाषेत चालू राहायला जितकी माणसे लागतात, तितकी कित्येक ठिकाणी उरलीच नव्हती.

अशा विरळ झालेल्या समाजात शाळा आल्या. पेरिस या गावी 1892 मध्ये सरकारी निवासी शाळा निघाली आणि 1902 मध्ये ती रिव्हरसाइडला शर्मन इन्स्टिट्यूट या नावाने हलवली गेली. तिथे दूरदूरच्या अनेक जमातींची मुले एकत्र ठेवलेली असत, त्यामुळे मायबोली बोलण्यावर बंदी होतीच, पण बंदी नसती तरी शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी बोलायला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नव्हती. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या अनेक आईवडिलांनी, आपल्या वाट्याला आली ती शिक्षा आणि हेटाळणी लेकरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून, घरात मुलांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले. त्यांना त्यासाठी दोष देणारे लिखाण वाचनात येते तेव्हा वाईट वाटते. त्यांच्यासमोर दुसरा सुरक्षित मार्ग कोणता होता, हे त्या लिखाणात कोणी सांगत नाही.

कर्मणी

रानवाटा यांनी इतिहास नीट मांडला आहे, म्हणून मी थेट दुसऱ्या प्रश्नाकडे वळते.

ही भाषा युटो-अझ्टेकन कुळातली आहे. होपी आणि मेक्सिकोतली नाहुआत्ल या तिच्या दूरच्या नातलग, तर लुइसेन्यो आणि कुपेन्यो या अगदी सख्ख्या म्हणाव्यात अशा. कुपेन्यो लोकांना 1903 मध्ये त्यांच्या कुपा या गावातून हुसकावून पाला येथे नेण्यात आले आणि ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, रोसिंदा नोलास्केझ, 1987 मध्ये निवर्तल्या. कावीयाच्या मुलखाला लागून असलेल्या सेरानो भाषेच्या डोरोथी रॅमन 2002 मध्ये गेल्या. कावीयावर आलेले संकट एकट्या कावीयावरचे नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या सगळ्या भाषा एका पिढीच्या अंतराने ओसरत गेल्या.

आता रचनेविषयी. मराठी वाचकाला कावीयातली एक गोष्ट ओळखीची वाटेल: क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. पण ते क्रियापद आपल्या क्रियापदापेक्षा कितीतरी जास्त भार वाहते. कोण करतो आणि कोणाला करतो या दोन्ही गोष्टी धातूच्या आधी जोडलेल्या उपसर्गांत येतात, तर क्रिया चालू आहे की उरकली आहे हे धातूनंतरच्या प्रत्ययांत. शब्दकोशात धातू सापडला म्हणून वाक्य तयार होत नाही. हे सारे तुकडे योग्य क्रमाने, एका श्वासात, विचार न करता जुळवता यायला हवेत, आणि ती सवय ऐकण्या-बोलण्यातूनच अंगात मुरते. शिवाय घशाच्या खोल भागातून उच्चारला जाणारा क आणि आपला नेहमीचा क हे तिथे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. स्वर मध्येच कंठात तोडून पुन्हा सुरू करणे हाही एक वर्णच आहे. लिखाणात त्यासाठी एक छोटीशी खूण असते, ती पाहून उच्चार कसा करायचा हे कागद शिकवत नाही.

मात्र झायलर यांच्या व्याकरणातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग मालकीविषयीचा आहे. आईवडील, हात, पाय अशा शब्दांना माझा-तुझा दाखवणारा उपसर्ग सरळ लागतो. पण खाण्याच्या वस्तूंचे तसे नाही. ओकची फळे, मेस्किट या वाळवंटी झाडाच्या शेंगा किंवा मांस यांच्या नावाला माझे हा उपसर्ग थेट जोडायचा नसतो. मध्ये आणखी एक शब्द घालावा लागतो, आणि ती वस्तू आपली कशी झाली हे तो शब्द सांगतो. झाडावरून खुडली, जमिनीवरून वेचली, रोप लावून वाढवली की शिजवली, यांतले काय घडले ते सांगितल्याशिवाय तिला आपली म्हणता येत नाही. हे मधले शब्द त्या त्या कृतीच्या क्रियापदांपासूनच बनलेले आहेत. पाळीव प्राण्यासाठीही असाच वेगळा मधला शब्द आहे.

हे व्याकरण कुठून आले असेल ते त्यांचे जुने जिणे पाहिले की लगेच दिसते. शरद ऋतूत कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावरच्या ओकच्या राईंत जात आणि कोणत्या कुळाने कोणत्या राईत वेचायचे हे ठरलेले असे. आणलेली फळे वाळवायची, फोडायची, खडकातल्याच उखळात कुटायची, मग त्या पिठातला कडवट तुरटपणा निघून जाईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचे आणि शेवटी त्याची दाट लापशी रटरटवायची, जिला वीविश म्हणतात. या प्रत्येक टप्प्यावर वस्तूशी माणसाचे नाते बदलते आणि भाषा ते नाते नोंदवते. दुकानातून आणलेल्या पिशवीला यातले काहीच लागू पडत नाही. राखीव क्षेत्रांच्या सीमा आखल्या गेल्या, राया दुसऱ्यांच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा व्याकरणाचा हा भाग वापरण्याचे रोजचे प्रसंगच कमी झाले. शाळेतल्या बंदीइतकाच हाही घाव खोल होता असे मी मानते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. हे दस्तऐवज बाहेरच्या अभ्यासकांनी जतन केले, असे आपल्या प्रश्नातून कोणाला वाटू शकेल. अभ्यासकांचे श्रम मोठे आहेतच, पण कॅथरीन सिवा सोबेल यांच्याशिवाय यातले निम्मेही उभे राहिले नसते. त्या 1920 मध्ये लॉस कोयोटेस येथे जन्मल्या. घरात फक्त कावीया, त्यामुळे शाळेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते. आई औषधी वनस्पतींची जाणकार; ते ज्ञान त्यांनी लहानपणापासून टिपून ठेवले. पुढे लोवेल बीन यांच्यासह त्यांनी 1972 मध्ये तेमाल्पाख हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात दोनशेहून अधिक वनस्पतींचे कावीया उपयोग नोंदले आहेत. झायलर यांच्याबरोबर त्यांनी काम केले, पामेला मन्रो यांच्यासह 1980च्या दशकाच्या सुरुवातीस शिकणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले, आणि 2004 मध्ये एरिक एलियट यांच्याबरोबर आपल्या आठवणींचा दोन खंडांचा द्विभाषिक ग्रंथ सिद्ध केला. 1965 मध्ये मोरोंगो राखीव क्षेत्रावर जेन पेन आणि इतरांसह त्यांनी सुरू केलेले माल्की संग्रहालय आजही आहे, आणि कावीयाविषयीची अनेक पुस्तके त्याच संस्थेच्या छापखान्याच्या नावाने निघाली. सोबेल 2011 मध्ये वारल्या. एका स्त्रीने, आपल्या भोवतीची भाषा थांबत चाललेली दिसत असताना, इतक्या दिशांनी इतकी वर्षे काम करावे, याला तोड नाही.

स्वरांकित

वरचे दोन्ही प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहेत. तरीही धाग्याच्या शीर्षकातल्या, बोलणारे उरले नाहीत, या शब्दांना थोडा आक्षेप घ्यावासा वाटतो, कारण भाषा फक्त संवादातच जिवंत असते असे त्यात गृहीत धरले आहे.

कावीयांची पक्षिगीते अजून गायली जातात, आणि भरपूर गायली जातात. नाव पक्ष्यांचे असले तरी ही गाणी केवळ पक्ष्यांविषयी नाहीत. सृष्टी निर्माण करणारा मुकात मरण पावल्यावर लोक दिशादिशांना भटकत राहिले आणि अखेर आपल्या भूमीवर परतले, त्या दीर्घ प्रवासाची ही गाणी आहेत. मुकातच्या मृत्यूची कथाही विलक्षण आहे. त्याच्याच लेकरांनी त्याला मारण्याचा कट केला आणि बेडकाने ते काम केले. त्याचे दहन झाले त्या जागेवर त्याच्या हृदयातून तंबाखू उगवली, दातांतून मका, पोटातून भोपळा. शोकात बसलेल्या लोकांना त्याच्या देहातूनच अन्न मिळाले.

गाण्यांचा क्रम ठरलेला असतो. पूर्वी सूर्यास्ताला सुरू केलेली मालिका पहाटेपर्यंत चाले. हातात वाळलेल्या दुधीचा खुळखुळा असतो, आत ताडाच्या बिया. पुरुष ओळीने उभे राहून गातात, मनगटाच्या एका झटक्यासरशी सगळे खुळखुळे एकदम थांबतात आणि एकदम सुरू होतात, समोर स्त्रिया अगदी लहान पावलांनी पुढेमागे होत नाचतात. अंत्यविधीच्या रात्री ही गाणी होतात, मेळाव्यांत होतात, संग्रहालयाच्या अंगणातही होतात. अल्विनो सिवा, जे कॅथरीन सोबेल यांचे बंधू होते, तसेच रॉबर्ट लेव्ही आणि अँथनी अँड्रियास या गायकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुणांना बसवून ही गाणी शिकवली. अल्विनो सिवा 2009 मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले गायक आज पुढच्या मुलांना शिकवत आहेत.

जो मुलगा शेकडो गाणी पाठ म्हणतो, त्याच्या तोंडात कर्मणी यांनी सांगितलेले ते खोल क आणि कंठात तुटणारे स्वर आधीच बसलेले असतात. वर्गात पहिल्या दिवशी आलेल्या इतर कोणत्याही विद्यार्थ्याजवळ हे भांडवल नसते. गाण्यांतली भाषा जुनी आहे, काही शब्द रोजच्या बोलण्यात नव्हतेच, आणि गाणे येते म्हणून कोणाला पाणी मागता येईल असे नाही, हे मला मान्य आहे. पण भाषेकडे परत येण्याची इच्छा बहुतेकांच्या मनात या गाण्यांपासूनच सुरू होते, हे तिथल्या लोकांनी स्वतः सांगितलेल्या हकिकती वाचताना वारंवार जाणवते. म्हणून भाषेच्या पुनरुज्जीवनाचा विचार व्याकरणापासून सुरू करण्यापेक्षा गाण्यांपासून करावा असे माझे मत आहे.

उंबरठा

पैशाचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही, तो घेतो.

कॅसिनोचा पैसा ही कावीयांनी न्यायालयात लढून मिळवलेली गोष्ट आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. कॅबझॉन आणि मोरोंगो गटांच्या राखीव क्षेत्रांवरचे जुगाराचे खेळ राज्य सरकारला बंद करायचे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये निकाल या गटांच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यासंबंधीचा कायदा केला. देशभरातल्या जमातींचे अर्थकारण त्या निकालाने बदलले.

पण तारखा जुळवून पाहा. 1987 पर्यंत, घरात कावीयाच ऐकत वाढलेली शेवटची पिढी साठीच्या पुढे गेली होती. पैसा येऊ लागला आणि त्यातून वर्ग, कार्यक्रम, संग्रहालये उभी राहू लागली, तोवर ती माणसे ऐंशीला टेकली होती. ज्या काळात आजी-आजोबा घरात होते आणि नातवंडे अंगणात खेळत होती, त्या 1950–60च्या दशकांत बहुतेक गट अत्यंत गरीब होते. पाम स्प्रिंग्जच्या मध्यवर्ती भागातली सेक्शन 14 ही आग्वा कालिएंते गटाची जमीन तेव्हा लाखमोलाची होत होती, तरी दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा अधिकार मालकांना नव्हता. व्हायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखालील केवळ स्त्रियांच्या कौन्सिलने वॉशिंग्टनला खेटे घालून 1959 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची परवानगी मिळवली. त्यानंतरही न्यायालयाने नेमलेल्या पालकांच्या हाती मालकांचे व्यवहार सोपवले गेले आणि त्या पालकांपैकी अनेकांनी त्यांना लुबाडले. अशा दिवसांत भाषेचे वर्ग काढण्याचा विचार कोणी करावा?

आणि सगळे गट श्रीमंत आहेत हा समजही चुकीचा आहे. रामोना आणि सांता रोझा हे डोंगरातले लहान गट आहेत. ऑगस्टीन गट 1980च्या दशकात जवळजवळ नामशेष होण्याच्या बेतात होता. शहराला लागून असलेली जमीन ज्यांच्या वाट्याला आली त्यांचे चित्र वेगळे आणि इतरांचे वेगळे.

स्वरांकित यांच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. गाण्यांनी माणसे जमतात हे खरे. परंतु गाणे हे एका ठरावीक प्रसंगी म्हटले जाते आणि भाषा मोडते ती रोजच्या क्षुल्लक बोलण्यात: दार लाव, उशीर का झाला, जेवलास का. ते बोलणे पुन्हा सुरू करण्यासाठी कॅलिफोर्नियात एक पद्धत 1990च्या दशकात तयार झाली. भाषा येणारी एक वृद्ध व्यक्ती आणि शिकणारी एक तरुण व्यक्ती अशी जोडी लावायची. दोघांनी आठवड्यातले अनेक तास एकत्र घालवायचे, स्वयंपाक, धुणे, बाजारहाट सगळे करायचे, पण इंग्रजी बोलायचे नाही. भाषाशास्त्रज्ञ लीअॅन हिंटन आणि मूळनिवासी कार्यकर्त्यांनी मिळून ती घडवली. ही पद्धत उत्तम आहे, कारण तिला वर्ग लागत नाही आणि पुस्तकही लागत नाही. तिला लागते ती फक्त बोलणारी व्यक्ती, आणि कावीयात नेमकी तीच उणीव होती. ज्या वर्षांत हा उपक्रम रुजला, त्याच वर्षांत एकेक ज्येष्ठ जात होते.

नीलांबरी

सर्वांचे मनापासून आभार. कर्मणीताई, मालकीविषयीचा भाग वाचून तर मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते. आता एकच पुढचा प्रश्न. समजा एखाद्या राखीव क्षेत्रावरच्या विशीतल्या मुलीला आज ही भाषा शिकायची आहे. घरात बोलणारे कोणी नाही. पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे आहेत. ती प्रत्यक्षात काय करू शकते? आणि उपलब्ध साहित्य वापरताना तिला कोणत्या अडचणी येतील?

कर्मणी

नीलांबरीताई, तिच्यासमोर पहिली अडचण लेखनाची येईल. झायलर यांचे व्याकरण आणि शब्दकोश भाषाशास्त्रीय चिन्हांत आहेत. पाठ्यपुस्तकात साध्या रोमन अक्षरांची, टंकलेखन यंत्रावरही जमेल अशी पद्धत आहे. एकच शब्द दोन ठिकाणी इतका वेगळा दिसतो की नवख्याला तो ओळखू येत नाही. त्यामुळे आधी एका लेखनपद्धतीतून दुसरीत शब्द नेण्याचा सराव करावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदा हात बसला की शब्दकोशाचे दार उघडते.

दुसरी अडचण बोलीची. वाळवंटातली, डोंगरातली आणि खिंडीतली अशा तीन बोली मानल्या जातात. सोबेल आणि अल्विनो सिवा ही भावंडे डोंगराकडची. टॉरेस-मार्टिनेझच्या मुलीने त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकून शिकायचे म्हटले तर तिच्या पणजीचे उच्चार थोडे वेगळे होते, हा प्रश्न तिला सतावणार. काही जण यावरून वाद घालतात. मला विचाराल तर, ज्या बोलीतले सर्वाधिक ध्वनिमुद्रण हाताशी आहे तिच्यात आधी बोलायला लागावे आणि आपल्या घरचे जे शब्द नातेवाइकांना आठवतात ते तिच्यात निःसंकोच मिसळावेत. बोली एकमेकींना समजत होत्याच, आणि पूर्वी लग्नसंबंधही दूरच्या वस्त्यांत होत, त्यामुळे एका घरात दोन तऱ्हांचे बोलणे ऐकू येणे त्या लोकांना नवीन नव्हते.

तिच्यासाठी आज काही वाटा नक्कीच खुल्या आहेत. रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कावीया शिकवली गेली आहे, आणि तीही समाजातल्याच शिक्षकाकडून. म्हणजे ज्या शहरात मुलांची भाषा तोडणारी शाळा उभी राहिली, त्याच शहरात ती वर्गात बोलली जाते. बर्कली येथे बोलणारे न उरलेल्या भाषांच्या वारसांसाठी कार्यशाळा भरवल्या जातात, जिथे जुन्या वह्या आणि ध्वनिफिती कशा वाचायच्या-ऐकायच्या हे शिकवतात. आणि पाम स्प्रिंग्जमध्ये 2023 साली आग्वा कालिएंते गटाचे सांस्कृतिक संकुल सुरू झाले असून, तिथल्या उष्ण झऱ्याच्या स्नानगृहाला सेखे हे झऱ्याचे मूळ कावीया नाव दिले आहे. पाटीवरचे एक नाव म्हणजे भाषा नव्हे, तरी रोज तिथून जाणाऱ्या मुलाला तो उच्चार कानावर पडतो.

उंबरठा यांनी रोजच्या बोलण्याचा मुद्दा काढला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला धरूनच सुचवते. त्या मुलीने पूर्ण भाषा शिकून मग बोलू असे ठरवू नये. सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतचा काळ, किंवा ओकची फळे वेचून वीविश करण्याचा दिवस, असा एखादा तुकडा निवडावा. त्या वेळात लागणारी वीस-पंचवीस वाक्ये ध्वनिमुद्रणातून आणि कथनसंग्रहातून शोधून काढावीत. आणि धाकट्या भावंडांशी, भाच्यांशी त्या वेळात तीच वाक्ये बोलावीत. मालकी दाखवणारे ते मधले शब्द खऱ्या वेचण्यात, खऱ्या कुटण्यात शिकले तर पाठ करावे लागत नाहीत. हे करताना एखादे वाक्य अडले तर व्याकरण आणि शब्दकोश हाताशी आहेतच, आणि ते इतक्या काळजीने केलेले आहेत की अशा प्रश्नांची उत्तरे त्यांत बहुधा सापडतात.

रानवाटा

कर्मणीताईंच्या सूचनेला एक जोड देतो. वेचण्यासाठी राई लागते. डोंगरातल्या कितीतरी जुन्या राया आज राष्ट्रीय वनात किंवा खासगी मालकीत आहेत, आणि तिथे जाऊन वेचण्यासाठी परवानगी मागावी लागते. भाषेच्या वर्गांसाठी अनुदान मागताना काही गट आता वेचणीच्या हक्काची मागणीही सोबत मांडतात, ते मला अगदी योग्य वाटते. या विषयावर कोणाकडे अधिक माहिती असेल तर तिच्यासाठी वेगळा धागा काढावा. मी तिथे जरूर लिहीन.